हत्यारांचा कायदा आणि बंदुकीवरील आकडा

निवडणुका जाहीर झाल्या म्हणजे गांवोगांवच्या पोलीसठाण्यांत एक लहानसा विधि पार पडतो. ज्यांच्याजवळ परवान्याची बंदूक आहे अशा पुष्कळांना ती ठाण्यांत जमा करण्याची नोटीस येते. कोणी निवृत्त सुभेदार, कोणी बागाईतदार, कोणी पेढीवाला, असे गृहस्थ जुन्या धोतरांत किंवा किंतानांत गुंडाळलेलें हत्यार घेऊन येतात. हवालदार गुंडाळी सोडतो, चष्मा सावरून बंदुकीवर कोरलेला आकडा वाचतो, परवान्यांतील आकड्याशीं तो ताडून पाहतो आणि पावती लिहून देतो. बंदूक कोपऱ्यांत उभी राहते. देणाऱ्याचें तोंड मात्र बहुधा थोडें उतरलेलें असतें. आपण कांहीं गुन्हा केला नसतां आपल्यावर कोणाचा तरी संशय आहे, ही भावना त्या पावतीबरोबर घरीं जाते.

या साध्या विधींत दोन निरनिराळ्या चौकश्या एकत्र आलेल्या आहेत. हत्यार बाळगणारा हा मनुष्य कोण, ही एक; आणि हें हत्यार कोणतें, कोणी घडविलें, कोणाच्या हातून कोणाकडे गेलें, ही दुसरी. आपल्या देशांतील हत्यारांच्या कायद्याचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशीं पहिल्या चौकशीचा इतिहास आहे असें दिसून येईल. दुसरी चौकशी त्यांत फार उशिरां शिरली. या उशिरानें देशाचें नुकसान झालें असें आमचें मत आहे, आणि तें कसें हें दाखविण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

अठराव्या शतकांतल्या माणसाला यांतला कोणताच प्रश्न सुचला नसता. गढीवाला देशमुख, बैलांचे तांडे घेऊन फिरणारा वंजारी, सावकाराच्या थैलीबरोबर चालणारा गडी, या सर्वांजवळ हत्यार असे आणि तें असण्यांत कोणाला नवल वाटत नसे. कंपनी सरकारनें मात्र जिंकलेल्या मुलखांत हत्यारें गोळा करण्याचा परिपाठ पाडला. १८४९ सालीं पंजाब खालसा झाल्यावर तेथें सुमारें एक लाख वीस हजार हत्यारें जमा करण्यांत आलीं. १८५७ च्या उठावणीनंतर अयोध्या प्रांतांत तर हें काम मोठ्या प्रमाणावर झालें. जवळजवळ दोन लाख बंदुका सरकारांत आल्या आणि दीड हजारांवर गढ्या पाडण्यांत आल्या. त्याच धामधुमींत १८५७ चा अठ्ठाविसावा आणि पुढें १८६० चा एकतिसावा, असे दोन कायदे झाले. हत्यारें आणणें, घडविणें, विकणें व बाळगणें यांवर या कायद्यांनीं सरकारी दाब बसविला. ज्या सरकारचें तख्त नुकतेंच डळमळून गेलें होतें त्यानें असें करावें यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, देश शांत होऊन वीस वर्षें लोटल्यावर हा कायदा सैल न होतां अधिक आवळला गेला.

१८७८ सालचा अकरावा कायदा तो हाच. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत तो पास झाला. याच वर्षीं याच गृहस्थांनीं देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा नववा कायदाहि केला. पुढें लॉर्ड रिपन यांच्या अमदानींत वृत्तपत्रांचा कायदा रद्द झाला, हत्यारांचा राहिला. लेखणीपेक्षां बंदुकीचें भय राज्यकर्त्यांना अधिक काळ पुरलें असा याचा अर्थ करावयाचा, किंवा लेखणीवाल्यांनीं आपली तक्रार अधिक नेटानें मांडली असा करावयाचा, हें वाचकांनींच ठरवावें.

कायद्याची रचना अशी होती. परवान्यावांचून कोणीं हत्यार घडवूं नये, विकूं नये, परदेशांतून आणूं नये. परवान्यावांचून बंदूक बाळगूं नये, हत्यार घेऊन हिंडूं नये. विक्रीच्या बाबतींत एक चांगलें कलम होतें: एखाद्या खाजगी गृहस्थानें आपलें हत्यार दुसऱ्याला विकलें तर घेणाऱ्याचें नांव व पत्ता यांची वर्दी त्यानें मॅजिस्ट्रेटकडे किंवा जवळच्या ठाण्यावर तांतडीनें दिली पाहिजे. कायदा मोडणारास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि चोरून बाळगण्याचे वगैरे वाईट प्रकार असतील तर सात वर्षांपर्यंत. येथपर्यंत कोणत्याहि शहाण्या सरकारचा कायदा थोड्याफार फरकानें असाच असेल. परंतु सत्ताविसाव्या कलमानें सरकारला वाटेल त्या माणसाला किंवा वर्गाला मोकळीक देण्याचा अधिकार ठेविला होता, आणि ही मोकळीक युरोपियनांना व युरेशियनांना सरसकट मिळाली. खरी मेख ती येथें. नुकताच बोटीवरून उतरलेला गोरा मळेवाला दोन बंदुका खांद्यावर टाकून खुशाल फिरावा. आणि ज्याच्या आज्यापणज्यांनीं किल्ले राखले त्यानें उसांत शिरणाऱ्या डुकरासाठीं मामलेदाराच्या कचेरींत अर्ज घेऊन तिष्ठत बसावें. हत्यार कोणतें हें कायदा विचारीत नव्हता. कातडी कोणती तें विचारीत होता.

त्याच वेळीं विलायतेंत काय होतें? १८७० च्या कायद्याप्रमाणें दहा शिलिंग भरले कीं पोस्टांतून बंदुकीचें लायसन मिळे, आणि तें कराच्या पावतीहून निराळें कांहीं नव्हतें. माणसाची लायकी कोणी पाहत नसे. परंतु बंदुकीची लायकी मात्र पाहत. बर्मिंगहॅम येथें १८१३ सालापासून कायद्यानें स्थापलेलें परीक्षागृह होतें; तेथें जादा दारू भरून नळी उडवून पाहत आणि ती टिकली तर तिच्यावर छाप मारीत. या छापाचा हेतु विकत घेणाऱ्याच्या हाताची बोटें शाबूत राहावीं एवढाच होता, हें खरें. तरी वस्तूवर खूण करून ती ओळखतां यावी, ही कल्पना त्यांत होतीच. एकाच राज्यकर्त्यांनीं आपल्या घरीं बंदुकीची परीक्षा केली आणि आपल्या साम्राज्यांत माणसाची केली.

या कायद्याविरुद्ध तक्रार सुरू व्हावयास फार वेळ लागला नाहीं. १८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेंत त्याविषयीं ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल यांनीं कायदा रद्द करण्याच्या बाजूनें जोराचें भाषण केलें. तक्रारीचीं दोन अंगें होतीं. एक अपमानाचें: राजनिष्ठ प्रजेवर हा विनाकारण डाग आहे. दुसरें पोटाचें व प्राणाचें: रानटी जनावरांपासून व दरवडेखोरांपासून खेडुतांनीं आपलें रक्षण कशानें करावें? वाघ, लांडगे व सर्प यांनीं किती माणसें मारलीं याचे आकडे सरकारच दर वर्षीं छापून काढी, त्यामुळें वक्त्यांना पुरावा शोधावयास लांब जावें लागत नसे.

पण खरें सांगावयाचें तर सुशिक्षित वर्गाला पहिलें अंग अधिक बोंचत होतें. सभेचा तो ठरावहि पाहण्यासारखा आहे. सर्वांना हत्यार बाळगण्याची मुभा असावी, परंतु कारण असेल तेथें एखाद्या माणसाला, जमातीला किंवा वर्गाला ती नाकारण्याचा अधिकार सरकारला असावा, असा त्याचा आशय होता. म्हणजे संशयाला हरकत नव्हती. तो आपल्यावर नसावा एवढेंच मागणें होतें. सरकारनें ही नाडी बरोबर ओळखली. राजेरजवाडे, कायदेकौन्सिलांचे सभासद, कांहीं पदव्यांचे धनी, अशांना हळूहळू मोकळिकीच्या यादींत स्थान मिळालें. परवान्यावांचून बंदूक ठेवतां येणें हा एक मान ठरला. बंदूक म्हणजे प्रतिष्ठा, ही जी समजूत आजहि आपल्या समाजांत घट्ट बसलेली आहे, तिचें मूळ क्षात्रतेजांत शोधण्याची गरज नाहीं. तें बरेंचसें या यादींत सांपडेल.

बरें, एवढी कडेकोट व्यवस्था करून ज्यांच्या भयानें ती केली त्यांचे हात तरी रिकामे राहिले काय? कायदा होऊन वर्ष लोटण्याच्या आंत, १८७९ च्या फेब्रुवारींत, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांतील कारकून वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन बंडास उभे राहिले. १९०९ सालीं लंडनच्या इंडिया हाउसांतील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत उतरलीं, आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तूल झाडलें. त्या पेटीला कोणीं परवाना विचारला नव्हता.

परंतु या बाबतींत सर्वांत बोलकी हकीकत कलकत्त्याची आहे. २६ ऑगस्ट १९१४ हा दिवस. रॉडा आणि कंपनी ही तेथील हत्यारें विकणारी परवानेदार गोरी पेढी. तिच्या नांवानें जहाजांतून माल आला होता, आणि जकातखात्यांतून तो सोडवून आणण्याचें काम पेढीचा नोकर श्रीशचंद्र मित्र याच्याकडे होतें. त्यानें २०२ पेट्या सोडविल्या. १९२ पेट्या पेढीच्या वखारींत पोंचत्या केल्या, आणि उरलेल्या दहा घेऊन येतों असें सांगून तो निघाला तो परत आलाच नाहीं. पेढीनें तीन दिवस वाट पाहिली आणि मग पोलिसांत वर्दी दिली! त्या दहा पेट्यांत ५० मॉझर पिस्तुलें आणि ४६,००० काडतुसें होतीं. पिस्तुलें अशा बनावटीचीं होतीं कीं, त्यांची लांकडी पेटीच मुठीला जोडली म्हणजे दस्ता तयार होई आणि खांद्याला लावून रायफलीप्रमाणें बार काढतां येई.

न्यायमूर्ति रौलट यांच्या कमिटीनें १९१८ च्या अहवालांत या चोरीचा जमाखर्च दिला आहे. पन्नासांपैकीं ४४ पिस्तुलें जवळजवळ लागलींच बंगालमधील नऊ निरनिराळ्या क्रांतिकारक मंडळांत वांटलीं गेलीं; पुढील काळांत दरवडे, खून व तशा प्रयत्नांच्या ५४ प्रकरणांत तीं वापरलीं गेलीं; आणि अहवाल लिहीपर्यंत ३१ परत हातीं आलीं होतीं. १९१५ च्या सप्टेंबरांत बालासोरजवळ बाघा जतीन व त्यांचे सोबती पोलिसांशीं झुंजले तेहि या मॉझरांच्या बळावर.

या अहवालाच्या नामांकित शिफारशी आणि त्यांतून निघालेला काळा कायदा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला येथें निराळेंच कुतूहल आहे. हीं ४४ पिस्तुलें नऊ ठिकाणीं गेलीं, त्यांपैकीं ३१ सांपडलीं, असा हिशेब सांगतां कां आला? कारखान्यांतून आलेल्या पिस्तुलावर आकडा असतो, आणि कोणता माल आपल्या नांवानें आला याची नोंद विकणाऱ्या पेढीजवळ राहते. ढाक्याला किंवा बालासोरला एखादें मॉझर हातीं लागलें म्हणजे तें त्या पन्नासांतलें कीं नाहीं हें ठरविण्यास मनुष्याचा कबुलीजबाब लागत नाहीं. वस्तूच साक्ष देते. ज्या कायद्यानें कोट्यवधि शेतकऱ्यांच्या दारांना कुलुपें ठोकलीं त्याला एका जकातखात्याचें दार राखतां आलें नाहीं. आणि जें कांहीं परत मिळालें त्यांत त्या कुलुपांपेक्षां एका आकड्याचा उपयोग अधिक झाला. यांतून सरकारनें धडा घेतला तो मात्र उलटा. हत्याराच्या वाटेवर नजर ठेवण्याऐवजीं माणसांना चौकशीवांचून अडकवून ठेवण्याचे अधिकार मागितले गेले.

वस्तूकडे लक्ष द्यावयाचें सुचलेंच तर तें कसें, याचाहि एक मासला सांगण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें ४५० बोराच्या रायफलींची आयात बंद केली. लष्करांतील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका जेथें तेथें पसरल्या होत्या आणि त्यांना लागणारी गोळी शिकाऱ्यांच्या मालांतून बंडखोरांच्या हातीं जाईल ही भीति. त्यावर विलायतेच्या कारागिरांनीं काय केलें? ४६५, ४७०, ४७५ अशीं शेजारचींच मापें काढलीं आणि वाघ मारणाऱ्या साहेबांची सोय केली! लष्करी ३०३ बोरहि खाजगी माणसाला असाच वर्ज्य. म्हणून ३१५ बोराची रायफल इकडे रूढ झाली. हिंदुस्थान सरकारच्या इशापूर येथील कारखान्यानें स्वातंत्र्यानंतरहि नागरिकांसाठीं ३१५ बोराचीच रायफल काढली. ती हातीं धरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना माहीत असेल कीं, त्या आकड्यांत एका परकीय सरकारची धास्ती गोठलेली आहे.

आकडाहि खोटें बोलूं शकतो, हें सांगितल्यावांचून मात्र पुढें जातां येत नाहीं. कोहाटच्या घाटांतील दर्रा आदमखेलचे पठाण लोहार, साध्या हत्यारांनीं, इंग्रजी रायफलींच्या नकला करीत. त्या नकला नळीपुरत्या नसत. राणीचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल, सर्व कांहीं ते कोरीत. इंग्रजी अक्षरओळख नसल्यामुळें एखादें अक्षर उलटें पडे, आणि तेवढ्यावरून जाणत्याला ठग ओळखूं येई.

पहिल्या महायुद्धानंतर, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या हवेंत, वर्णावरून दिलेली मोकळीक कागदोपत्रीं काढून टाकण्यांत आली. १९२४ च्या नियमांनीं नवी घडी बसविली. गंमत अशी कीं याच सुमारास, १९२० सालीं, खुद्द इंग्लंडांत पोलिसांच्या दाखल्यावांचून रायफल किंवा पिस्तूल बाळगूं नये असा कायदा झाला. रशियांतील क्रांति आणि युद्धावरून परतलेले बेकार शिपाई, यांचें भय आतां त्यांच्या घरांत शिरलें होतें. जें बेचाळीस वर्षें आम्ही सोसलें तें त्यांच्याहि वाट्याला आलें. फरक इतकाच कीं त्यांच्यावर तें त्यांच्या पार्लमेंटानें लादलें.

हा फरक लहान नाहीं. सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या कुकर्मांपैकीं सर्वांत काळा म्हणून इतिहासांत गणला जाईल, असें महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या उपासकानें लिहून ठेविलें आहे. १९३० च्या जानेवारींत त्यांनीं ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत स्वसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने मिळावे आणि त्यांवर लोकांचा ताबा असावा, ही एक होती. १९३१ सालीं कराचीच्या राष्ट्रीय सभेनें मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यांत, नियमांच्या मर्यादेंत हत्यार बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्ट शब्दांत घातला. घटना बनूं लागली तेव्हां हें कलम मसुद्यांत नव्हतें. १९४८ च्या डिसेंबरांत हरि विष्णु कामत यांनीं तें घालण्याची उपसूचना मांडली, आणि डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. परकीय सत्ता असतांना ही मागणी करणें निराळें आणि आपलें राज्य आल्यावर निराळें, असा त्यांचा रोंख होता. व्यक्तीच्या हक्कापेक्षां, देशावर संकट आलें तर नागरिकाला हत्यार उचलावयास लावण्याचा राष्ट्राचा अधिकार त्यांना महत्त्वाचा वाटला. ज्या घटनाकारांना फाळणीचे दंगे आणि महात्माजींचा पिस्तुलानें झालेला खून हीं फार जुनीं झालीं नव्हतीं, त्यांना हा युक्तिवाद पटला यांत नवल नाहीं. आज घटनेच्या एकोणिसाव्या कलमांत शस्त्रांचा उल्लेख आहे तो जमण्याच्या हक्काला घातलेल्या अटीच्या रूपानें: शांततेनें व निःशस्त्र जमावें.

आम्हांला डॉ. आंबेडकरांचा निर्णय बरोबर वाटतो. खेद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. हक्क नाकारल्यावर नवा कायदा लागलींच व्हावयास हवा होता; तो झाला नाहीं. लिटनसाहेबांचाच कायदा स्वतंत्र भारतांत पंधरा वर्षें चालू राहिला. १९५९ चा चोपन्नावा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला तेव्हां कोठें तो गेला.

नवा कायदा जुन्याचाच अंगरखा उलटून शिवलेला आहे, असें म्हणणारे आहेत. तें पूर्ण खरें नाहीं. तरवारी-भाल्यांना सरकार जाहीर करील त्याच भागांत परवाना लागावा, परवाना नाकारल्यास साधारणतः लेखी कारण द्यावें, नाकारलेल्यास अपिलाची वाट असावी, या सुधारणा क्षुल्लक नाहींत. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारूं नये, असें चौदाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. ज्यानें जुन्या मोकळिकीची यादी पाहिली आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. आणि आठव्या कलमांत आमचा आकडा प्रथमच मानानें बसला आहे. ज्या बंदुकीवर कारखानदाराचें नांव, आकडा किंवा दुसरी मान्य खूण नाहीं ती विकूं नये, दुसऱ्याच्या हवालीं करूं नये. असलेली खूण कोणीं खोडूं नये, बदलूं नये. आणि खूण खोडलेलें हत्यार ज्याच्याजवळ सांपडेल त्यानेंच ती खोडली असें, उलट शाबीत होईपर्यंत, धरून चालावें. १८७८ च्या कायद्यानें प्रजेच्या कपाळावर मारलेला छाप ऐंशी वर्षांनीं लोखंडावर गेला.

पुढील फेरफार याच दिशेनें झाले. एका माणसाजवळ तीनपेक्षां अधिक बंदुका नसाव्या असें १९८३ सालीं ठरलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें ही संख्या दोनांवर आली. २०१६ च्या नियमांनीं परवान्यांची देशभर एकच नोंद ठेवण्याची आणि प्रत्येक परवानेदाराला ओळखीचा स्वतंत्र आकडा देण्याची व्यवस्था पक्की केली. २०१६ अखेर गृहखात्याच्या नोंदींत सुमारें ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकीं १२ लाख ७७ हजारांवर एकट्या उत्तर प्रदेशांत. ही नोंद ज्यांनीं पाहिली त्यांना एक गोष्ट जाणवल्यावांचून राहत नाहीं: तींत तेवढेच लोक आहेत ज्यांनीं स्वतः होऊन आपलें नांव दिलें. आपल्याकडे ज्याला गावठी कट्टा म्हणतात त्याचा मालक तेथें नाहीं. पाण्याच्या नळाचा तुकडा आणि मोटारीचे सुटे भाग यांतून रात्रींत तयार होणाऱ्या त्या वस्तूवर नांव नसतें, आकडा नसतो, परीक्षागृहाचा छाप तर नसतोच. कित्येकदां ती झाडणाऱ्याच्याच हातांत फुटते. बिहारमधील मुंगेर हें त्याच्या पैदाशीसाठीं बदनाम झालेलें गांव. अठराव्या शतकांत नबाब मीर कासीम यानें आपली राजधानी तेथें नेऊन बंदुकांचा कारखाना काढला, आणि ती कारागिरी तेथें रुजली. आज त्याच गांवांत परवानेदार कारखाने आपल्या बंदुकांवर आकडे कोरतात, आणि शेजारच्या गल्लींत त्यांच्याच तोडीचे हात बिनआकड्याचीं हत्यारें घडवितात. सरकारनें ठरवून दिलेलें उत्पादन आणि घटलेलें गिऱ्हाईक यांमुळें एका हाताला काम पुरत नाहीं तेव्हां तो दुसऱ्या गल्लीकडे वळतो, हें समजावयास फार मोठें अर्थशास्त्र नको.

राहतां राहिला तो उसांतल्या डुकराचा अर्ज. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमानें पिकाच्या राखणीसाठीं खरोखर गरज असणाऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असें सांगितलें आहे, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गांवांतून अशा बंदुका अजून आहेत. दारू भरा, गज घालून ठासा, केप बसवा, आणि इतकें होईपर्यंत डुकरानें थांबावें अशी देवाला विनवणी करा. बरें, त्यानें थांबून दाखविलें तरी १९७२ च्या वन्यप्राण्यांच्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून त्याला मारतां येत नाहीं. आणि ती परवानगी दुसऱ्याच कचेरींत मिळते. तेव्हां शेतकरी हवेंत बार काढतो, डुकरें पलीकडच्या शेतांत जातात, आणि निवडणूक आली म्हणजे तो ती बंदूक किंतानांत गुंडाळून, तिच्यावरचा झिजलेला आकडा हवालदाराला नीट वाचतां यावा म्हणून तेलाच्या फडक्यानें पुसून, ठाण्यावर घेऊन येतो.